आधी फेरे मोजा, मग इंजिन उघडा

प्रश्न : माझ्याकडे 1993 ची महिंद्रा एमएम 540 आहे, प्युजो डिझेल इंजिनची. डोंगरावर काजू आणि खाली कुळागर. नारळ, सुपारी, खत सगळं हीच ओढते. चढावाला काळा धूर टाकते, तेलही पिते. फोर-व्हील टाकलं की चिखलातसुद्धा गाडी जखडते आणि लिव्हर परत निघत नाही. आधीच्या मालकानं मागचा अ‍ॅक्सल भंगारातून आणून बदलला होता. मेकॅनिक हाफ इंजिन (बोअर न करता नुसत्या रिंगा बदलणं) करू म्हणतो, मेहुणा म्हणतो मोठं टर्बो इंजिनच बसव. दीड लाख बाजूला काढलेत. सुरुवात कुठून करू?
— एक बागायतदार, वाळपई

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य धुराचं नाही, भंगारातल्या अ‍ॅक्सलचं आहे. डांबरावर फोर-व्हील जखडणं या गाड्यांत स्वाभाविक आहे, कारण पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये फरक सामावून घेणारं काही नसतं. पण चिखलात चाकं घसरून तो ताण सुटायला हवा. तिथंही जखडते, म्हणजे पुढचा आणि मागचा क्राऊन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) वेगळ्या रेशोचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे वेगळे असण्याची दाट शंका आहे.

हे घरीच तपासता येतं. हँडब्रेक सोडावा लागेल, म्हणून सपाट जागा बघा आणि जमिनीवरच्या तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. मागचं एकच चाक जॅकवर उचला, खाली घोडी (आधाराचा स्टँड) द्या. गाडी न्यूट्रलमध्ये, फोर-व्हील काढलेलं. अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. एक चाक जमिनीवर अडकलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक, म्हणून मिळतो तो आकडा थेट रेशोच. पाचाला थोडा कमी पडला तर 39 आणि 8 दातांचा सेट, म्हणजे 4.88. पाच पूर्ण होऊन वर एक तृतीयांशाहून जरा जास्त गेला तर 43 आणि 8 चा, 5.38. पुढच्या अ‍ॅक्सललाही हेच करा. फ्री-व्हील हब (पुढचं चाक अ‍ॅक्सलपासून सोडवणारे) असतील तर आधी लॉक करा. समजा एकीकडे पहिला आणि दुसरीकडे दुसरा निघाला, तर दहा टक्के फरक झाला. शंभर मीटरमागे दहा मीटर चाकं फरफटणार, आणि तो मार ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) खाते. तुमच्या गाडीत ती किती वर्षं खातेय, देव जाणे. टायरही चारी एका मापाचे आहेत ना, पाहून घ्या.

म्हणून ट्रान्सफर उतरवाच. आतला इंटरमीडिएट शाफ्ट हातात घ्या, पुसा आणि नीडल रोलर जिथं फिरतात तिथून अंगठ्याचं नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्ट गेला. रोलर नवे घालून जुनाच शाफ्ट बसवायचा आग्रह कोणी केला तर ऐकू नका. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे), सगळे ऑइल सील याच वेळी बदलून घ्या.

हे इतकं ठासून सांगतो, कारण 1998 साली मी चूक केली. कुळ्याहून दूधसागरला पर्यटक नेणारी एक जीप माझ्याकडे आली होती. मी तिचं इंजिन जीव ओतून बांधलं आणि अ‍ॅक्सलचं झाकण उघडलंच नाही. तीन आठवड्यांत पिनियनचं बेअरिंग फुटलं. प्लग काढला तर दुधाच्या चहासारखं तेल आलं. ओहोळातून जाताना ब्रीदरमधून (अ‍ॅक्सलची हवा जाण्याच्या भोकातून) पाणी आत शिरत होतं. भर हंगामात त्या माणसाची रोजीरोटी बसली. तेव्हापासून मी चाकांकडून सुरुवात करतो आणि इंजिनाशी शेवटी पोचतो. तुम्हीही ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंच बांधा.

आता इंजिन. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर धुवा, नोझल आणि पंप कॅलिब्रेट करून घ्या. तेल पिण्याचा प्रश्न वेगळा: गरम इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडा. भकाभका वाफ येत असेल आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन उतरलेलं असेल, तर हाफ इंजिन करू नका. झिजलेल्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) नव्या रिंगा फार दिवस टिकत नाहीत. मग बोअरिंग, पिस्टन, क्रँक, हेडची क्रॅक टेस्ट, सगळं एकदाच. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजूनच हेड गॅस्केटची जाडी ठरवायला सांगा.

टर्बो नको. 2112 सीसीच्या ताकदीवर बेतलेला गिअरबॉक्स तो जोर किती दिवस सोसेल? शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावीच लागते. तिथं इंजिन नंबर जुळला नाही तर अडकाल.

काजूचा हंगाम संपला की जूनमध्ये गाडी उघडा. पण जुलैतल्या सत्तरी तालुक्याच्या हवेत होन केलेला (घासून घेतलेला) बोअर रात्रीत तांबडा होतो, म्हणून वर्कशॉपमधून ब्लॉक ताब्यात घेतानाच बोअरला बोटानं इंजिन ऑइल लावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, आणि मगच घरी न्यायला वाहनात ठेवा. दोन्ही अ‍ॅक्सलचे फेरे मोजून मला कळवा. क्राऊन-पिनियनचा कोणता सेट शोधायचा ते त्यावरून सांगतो.