सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांच्या तकोबा तलवारीची मूठ क्रूसासारखी का असते? ती क्रुसेडमधून आली का? आणि जुनी तकोबा ओळखायची कशी?

क्रुसेडशी तिचा काही संबंध नाही. तकोबा सरळ, दुधारी आणि मुठीला आडवी पट्टी असलेली, म्हणून ती ख्रिस्ती सरदारांच्या तलवारीची नक्कल असावी, ही युरोपीय प्रवाशांनी पसरवलेली समजूत आहे. इस्लामी जगातली जुनी तलवारही सरळच होती. वाकडी तलवार पुढे तुर्की टोळ्यांबरोबर पसरली. सहारात ती फारशी रुजली नाही, तिथे सरळ पातंच टिकलं. तकोबाचं मोल आणि अर्थ शोधायचा तर मुठीच्या आकाराकडे नाही, पात्याकडे बघा.

पूर्ण लांबी साधारण ९० ते १०० सेंमी, वजन किलोच्या आतबाहेर, टोक गोलसर. म्हणजे ही भोसकायची नाही, छाटायची तलवार. पात्याच्या मध्यावरून एक ते तीन, कधी जास्त, नाळी (लांब पन्हळी) जातात. त्यांनी पातं हलकं होतं, पण लुळं पडत नाही. चांगली पाती पुष्कळदा युरोपातून यायची: उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत उतरायची आणि उंटांच्या काफिल्यांतून दक्षिणेला जायची. हाइनरिश बार्थ हा जर्मन प्रवासी १८५१ मध्ये (आजच्या नायजेरियातल्या) कानोच्या बाजारात होता. तिथे जर्मनीतल्या झोलिंगेनची पाती येत, मुठी तिथेच बसत, आणि पात्याला हजार कवड्या पडत, असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्याकडे युरोपीय पात्याला देशी मूठ चढवली की तिला ‘फिरंग’ म्हणत, अगदी तोच प्रकार. पातं बापजाद्यांचं, मूठ आणि म्यान मात्र दर पिढी-दोन पिढ्यांनी नवी. त्यामुळे एकाच तलवारीत दोन-तीन काळ सापडतात. मूठ नवी दिसली म्हणून तलवार नवी ठरवू नका.

पात्यावर चंद्रकोरींची जोडी दिसते, कोरीला बहुधा माणसाचा चेहरा असतो. हा मूळचा युरोपीय कारागिरांचा छाप. गिऱ्हाइकाला तो उत्तम पोलादाची खूण म्हणून ठाऊक झाला, म्हणून स्थानिक लोहारही तो ठोकू लागले. पुढे त्याला राखणदार खुणेचा मान मिळाला. त्यामुळे केवळ चंद्रकोर बघून ‘हे झोलिंगेनचं’ म्हणणं चूक. नाळी बघा. आयात पात्यात त्या एकसारख्या रुंदीच्या, समांतर आणि शेवटी स्वच्छ मिटलेल्या असतात. स्थानिक पात्यात त्या छिन्नीने काढलेल्या, जरा हेलकावणाऱ्या. विसाव्या शतकातली बरीच पाती ट्रकच्या पाट्यांपासून घडवलेली आहेत. तीही पाणी नीट दिलेलं असेल तर कमअस्सल म्हणू नये. पर्यटकांसाठी केलेल्या नगाला मात्र पाणीच दिलेलं नसतं. तो वाकवला की वाकडाच राहतो. (जुनं पातं असं वाकवून बघू नका. बुडाशी रिव्हेटने जोडलेल्या लोखंडी पट्ट्या असतील तर तिथेच ते तुटतं.)

आता मूठ. आडवा भाग पेटीसारखा जाड, लाकडाचा किंवा लोखंडी पत्र्याचा, वर नक्षीदार चामडं किंवा पितळ. माथ्यावर पितळेचं चपटं बोंड, कधी तांब्याचा थर घालून केलेलं. हे सगळं काम इनादन या कारागीर जातीचं. लोखंडात आणि विस्तवात धोकादायक शक्ती असते आणि ती हाताळणं लोहारालाच जमतं, अशी समजूत. सरदार घराण्यातले लोक लोहाराला भीत आणि त्याच्यावर अवलंबूनही असत. उघड्या लोखंडाला हात लागू नये म्हणून मूठ चामड्यात गुंडाळतात, असं कारण नेहमी दिलं जातं. मला ते अर्धंच पटतं, कारण ‘अल्लाग’ हा अखंड लोखंडी भाला हेच लोक वापरत. वाळवंटाच्या उन्हात तापलेलं लोखंड मुठीत धरवत नाही, हेही कारण असणारच.

७ मे १९०२ रोजी दक्षिण अल्जीरियातल्या ‘तीत’ या गावाजवळ कोटनेस्ट या फ्रेंच लेफ्टनंटच्या तुकडीने अहग्गार या डोंगराळ भागातल्या तुआरेगांचा पराभव केला. बंदुकांपुढे तलवार-भाल्यांचं काही चाललं नाही. तरी तकोबा संपली नाही. अल्जीरियातल्या ‘जानेत’ या गावी मोहरमच्या दहा दिवसांत ‘सेबेइबा’ हा सण साजरा होतो. बायका ढोलावर गातात आणि दोन वस्त्यांचे पुरुष योद्ध्यांच्या वेशात, हातात तलवार घेऊन नाचतात. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद घेतली.

तुमच्याकडे जुनी तकोबा असेल तर पातं म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातल्या कमावणीच्या आम्लाने पातं गंजतं. बाहेर काढून हलकं खनिज तेल पुसा. चामड्याला तेल लावू नका: चरबी पितळेशी लागली की हिरवं मेणचट पूट चढतं. चढलंच तर लाकडी काडीने खरवडा, ब्रासोने नाही. त्याने चामडं पांढरं पडतं आणि नक्षीच्या रेघांत पूड अडकते ती निघत नाही.