एकच जनुक बदलले, तर रक्तदाब किती बदलतो?

प्रश्न : माझ्या आईला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. हे औषध ज्या संप्रेरकाला अडवते, त्याचा अभ्यास जनुके बदललेल्या उंदरांवर झाल्याचे परळला एका व्याख्यानात ऐकले. त्यासाठी साधे उंदीर का चालत नाहीत? आणि उंदरावरचे निष्कर्ष माणसाला कितपत लागू पडतात?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ते संप्रेरक म्हणजे अँजिओटेन्सिन-२. यकृतात तयार होणाऱ्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाचा मूत्रपिंडातले रेनिन हे विकर एक तुकडा पाडते आणि एसीई हे विकर त्या तुकड्यापासून अँजिओटेन्सिन-२ घडवते; ते रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाकरवी शरीरात मीठ-पाणी राखून ठेवते.

एखाद्या घराण्यात रक्तदाब आणि अँजिओटेन्सिनोजेनचे जनुक यांची सांगड दिसली, तरी तेच कारण असे म्हणता येत नाही, कारण त्याच घरात पापड-लोणचे, वजन आणि लोकलची दगदगही असते. बाकी सारे तसेच ठेवून एकच जनुक बदलण्याची सोय साध्या उंदरात नसते. ती सोय करून देणारी तंत्रे विकसित करणाऱ्या कॅपेकी, इव्हान्स आणि स्मिथीज या शास्त्रज्ञांना २००७ चे नोबेल मिळाले. स्मिथीज यांच्या नॉर्थ कॅरोलिनातील गटाने अँजिओटेन्सिनोजेनच्या जनुकाच्या, नेहमीच्या दोनऐवजी, एक ते चार प्रती असलेले उंदीर तयार केले, तेव्हा दर प्रतीमागे रक्तदाब सुमारे ८ मिलिमीटरने चढत गेल्याचे १९९५ मध्ये दिसले. जनुक समूळ काढून टाकण्यापेक्षा मला हा प्रयोग मोलाचा वाटतो, कारण माणसामाणसांतले फरकही असेच थोडेथोडे असतात. गंमत म्हणजे एसीईच्या प्रती वाढवूनही रक्तदाब हलला नाही.

माणसाशी साम्य किती? उंदराचे हृदय मिनिटाला ५०० हून अधिक ठोके देते, तरी त्याचा वरचा रक्तदाब आपल्या जवळपासच असतो. मात्र टेल्मिसार्टन ज्या ग्राहीला (पेशीवरच्या, अँजिओटेन्सिन-२ जिथे चिकटते त्या प्रथिनाला) अडवते, तिचे माणसात एकच जनुक आहे, तर उंदरात दोन. म्हणून त्यातले एक काढल्याने औषधाचा पूर्ण परिणाम दिसेल असे नाही. शिवाय शेपटीला पट्टा बांधून मोजताना उंदीर घाबरतो आणि आकडा फुगतो, म्हणून बारीक यंत्र शरीरातच बसवतात.

एका बाबतीत मात्र दोघांचे चांगलेच जुळते. अँजिओटेन्सिनोजेन नसलेल्या पिल्लांची मूत्रपिंडे नीट घडत नाहीत, आणि गरोदरपणी या गटातली औषधे घेतल्यास मानवी गर्भाच्या मूत्रपिंडांनाही अपाय होतो. आईंपुढे तो प्रश्न नाही. पण घरातली एखादी तरुण स्त्री हेच औषध घेत असेल, तर मूल होऊ देण्याचा विचार करण्यापूर्वी तिने डॉक्टरांशी बोलावे.