अमेरिकेत ऑनलाइन विकतोयस? सेल्स टॅक्सचं आधी एवढं बघ
अरे घाबरू नकोस, सगळ्या राज्यांचे नियम पाठ करायची गरज नाही. आधी कुठल्या राज्यात किती विक्री झाली त्याची शीट बनव, कारण 2018 च्या वेफेअर खटल्यातल्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तिथे ऑफिस नसलं तरी टॅक्स गोळा करावा लागू शकतो, बऱ्याच राज्यांत त्यासाठी विक्रीची मर्यादा वर्षाला 1 लाख डॉलर, कॅलिफोर्निया आणि टेक्सासला 5 लाख.

नवीन लोक चुकतात ते इथे:
- परमिट, म्हणजे टॅक्स गोळा करायची त्या राज्याची परवानगी, नसताना गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेतात. हे अजिबात करू नकोस.
- सॉफ्टवेअरला टॅक्स नसतो असं धरून चालतात. सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन सबस्क्रिप्शनवर न्यूयॉर्कमध्ये लागतो, कॅलिफोर्नियात नाही, टेक्सासात 80 टक्के रकमेवर, म्हणजे प्रत्येक राज्य वेगळं तपासायचं.

आणि ॲमेझॉन त्यांच्याकडच्या विक्रीचा टॅक्स भरतं, तुझ्या वेबसाइटचा नाही, तो तूच भरायचास. परमिट मिळालं की विक्री शून्य असली तरी बहुतेक राज्यांत रिटर्न भरावाच लागतो.