दाताला काय लावतेस, ते विचार

पोरी,

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून दोन शब्दांत संपवलं. रात्री मात्र झोप येईना. तुझं एकच वाक्य डोक्यात घोळत होतं, "बाई, इतकं समजावून सांगितलं तरी या बायका खोटं का बोलतात?"

तुझी ती गरोदर बाई खोटं बोललेली नाही. एवढं एक ध्यानात घेतलंस तर पुढचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

पाचवा महिना, हिमोग्लोबिन आठच्या घरात. तू उपकेंद्रात तिला विचारलंस, "तंबाखू खाता का?" ती म्हणाली, "न्हाय." आठ दिवसांनी गृहभेटीला गेलीस, तर ती मागच्या दारी बसून बोटानं दात घासत होती. ओठ काळे, शेजारी डबी. तू सासूसमोर म्हणालीस, "माझ्याशी खोटं बोललात ना?" आता आशाताई बोलवायला गेली की ती शेतात गेल्याचा निरोप येतो.

अगं, तंबाखू खातात ते गडी. चुना लावून मळायची, दाढेखाली बार भरायचा. तिनं आयुष्यात तंबाखू खाल्लेली नाही. ती मशेरी लावते, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना घासते. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. तुला कुणी विचारलं, "पेस्ट खाता का?", तर तू काय सांगशील? आधी मशेरीचं नाव घे, मग उत्तराला खरंखोटं ठरव.

मी हे एवढं जोरात सांगते, कारण मीही हेच केलं, आणि एकदाच नाही, कितीतरी वर्षं केलं. १९८४ साली तुझ्यासारखीच नर्स म्हणून नोकरीला लागले. माझी आई मशेरी लावायची. आठवडी बाजारातून तंबाखूचा सुटा पाला यायचा, तव्यावर काळाकुट्ट होईपर्यंत भाजायचा, चुरडायचा आणि डबीत भरायचा. ते भाजण्याचं काम माझ्याकडे असायचं. धुरानं शिंका यायच्या, डोळ्यांतून पाणी गळायचं. म्हणजे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, सगळं नाकानं ठाऊक होतं. तरी पांढरी साडी नेसून गरोदर बाईसमोर बसले की माझ्या तोंडून प्रशिक्षणात शिकवलेला प्रश्न यायचा, "तंबाखू खातेस का?" ती "न्हाय" म्हणायची, आणि मी वहीत "काही नाही" लिहून पुढं जायची.

१९९१ मधली एक बाई आहे. दुसरी खेप होती. माझ्या वहीत तिच्या नावापुढं "काही नाही" आहे, माझ्याच अक्षरात. आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, मूल उपजतच मेलेलं. ते मशेरीनंच गेलं असं मी छातीठोक म्हणणार नाही. रक्त कमी होतं, भांगलणीचं काम जड होतं, खाणं धड नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या उशाशी बसले असताना तिनं मला हळूच विचारलं, "बाई, माझी डबी तेवढी देता का? कालपासनं लावली न्हाय, डोस्कं फुटतंय." डबी कोनाड्यातच होती. पाच महिने मी त्या घरात जात-येत होते आणि तिथंच बसून चहा घेत होते.

तू म्हणशील, एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी दिसलंच नाही का? दिसत होतं. पण तेव्हा कुटुंब नियोजनाचं टार्गेट असायचं. मार्च जवळ आला की सगळ्यांना एकच प्रश्न, केसेस किती झाल्या? पाच गावं, बस दिवसातून एक, बाकी पायी. टार्गेट सुटलं ते १९९६ मध्ये. तोवर कुणाच्या दातांकडे बघायला वेळ नव्हता, आणि बघितलं असतं तरी ते कुणी विचारणार नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण प्रश्न नीट विचारायला वेगळा वेळ लागत नाही. "तंबाखू खातेस का" आणि "सकाळी दाताला काय लावतेस" या दोन्हींना सारखाच वेळ लागतो. म्हणून या कारणानं माझं समाधान होत नाही.

मशेरीचं नाव घे. जिथं बदली होईल तिथलं नाव घे. कुठं मिसरी म्हणतील, कुठं दाताला तपकीर लावतील, विदर्भात गेलीस तर बायकाही सुपारी-तंबाखूचा खर्रा खातात. तुझ्या उपकेंद्राच्या भिंतीवरच्या फ्लेक्सवर गालाला भोक पडलेल्या पुरुषाचं चित्र आहे. त्या चित्रात या बाईनं स्वतःला कसं ओळखावं? गुटख्यावर आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच मनाई झाली. तंबाखूच्या पुड्यांवर ८५ टक्के जागेत इशारा छापतात. पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीवर पुडीच नाही, इशारा कुठं छापणार? तिच्यापर्यंत पोचणारा इशारा म्हणजे तू. आणि तू तिला गड्याचा प्रश्न विचारतेस.

बायका म्हणतील, भाजून जाळून टाकल्यावर त्यात काय उरतंय? निकोटीन उरतं. उलट भाजताना धुरात असतात तसे कॅन्सर करणारे घटक त्यात आणखी तयार होतात. म्हणजे सासूसाठी मशेरी भाजून देणाऱ्या गरोदर सुनेलाही धोका आहेच, तिनं स्वतः लावली नाही तरी.

मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ मध्ये छापून आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरीवाल्याच होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, बाळंतपणही सरासरी सहा दिवस आधी झालं. पुढं त्याच अभ्यासातून दिसलं की मूल मेलेलं जन्मण्याचा धोका अडीच पटींहून जास्त. हे आकडे मला एका प्रशिक्षणात कळले. घरी येऊन मी ती १९९१ ची वही शोधून काढली. अजून आहे माझ्याकडे.

आकडे तुझ्यासाठी आहेत, तिला सांगत बसू नकोस. तिला पाटाचं पाणी कळतं. पाटात दगड पडला की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. मशेरी हिरडीतून रक्तात जाते, शिरा आकसतात, वारेकडे रक्त कमी जातं, आणि शेवटची सरी म्हणजे बाळ. एवढं सांगितलं की पुरे. मग तिला बोलू दे.

ती सांगेल, परसाकडला साफ होत नाही म्हणून लावते. इथं आपलाही हात आहे. आपणच लोहाच्या गोळ्या देतो, त्यानं पोट आणखी धरतं, ती तीनाऐवजी पाच वेळा मशेरी लावते, आणि आपण वर म्हणतो हिचं हिमोग्लोबिन वाढत कसं नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण पोट धरेल हे आधीच सांग, पाणी आणि पालेभाजी वाढवायला सांग, तरीही त्रास झाला तर डॉक्टरांना दाखव. दाढ दुखते म्हणाली तर दात तपासायला पाठव. दाढदुखीपासून मशेरीची सवय लागलेल्या किती जणी मी पाहिल्यात! कारण न विचारता "सोडा" म्हणणं म्हणजे कुबडी काढून घेऊन "चाल" म्हणण्यासारखं आहे.

पूर्ण सुटली पाहिजे, यात तडजोड नाही. पण दिवसातली पहिली कुठली सोडायची हे तिला ठरवू दे. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, हे घरच्यांना सांगून ठेव, नाहीतर सासूच डबी पुढं करेल. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्याचा फुकट फोन आहे, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये घालून दे.

सासूवर मात्र चढू नकोस. "मला पाच झाली, मशेरी लावूनच झाली," असं ती म्हणणार. मी एकदा तिरमिरीत एका म्हातारीला विचारलं होतं, "किती झाली आणि किती जगली?" ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ते मी विचारायला नको होतं. माझी आई तरी मी सोडायला लावू शकले का? शेवटपर्यंत डबी तिच्या उशाखाली होती.

आता तुझं काम. उद्या-परवा वजनकाटा घेऊन जा, तपासणीचं निमित्त आहेच. कॉटवर बसू नकोस, खाली बस. आधी सासूला विचार, "मामी, तुम्ही मशेरी कवापासनं लावता?" तिला बोलू दे. सून ऐकत असेल. मग सुनेला म्हण, "मागच्या वेळी मी चुकीचं विचारलं. दिवसातनं किती वेळा लावतेस?" तुला माफी मागायला जड जाईल, तरी माग. आणि दर भेटीला हेच विचार, पुन्हा मशेरीचं नाव घेऊनच.

कार्डावर काय लिहू, असं तू विचारलंस. 'तंबाखू' लिहून सोडू नकोस. 'मशेरी' लिही, पुढं दिवसातून किती वेळा ते लिही. पहिलंच बाळंतपण आहे, सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी जाईल, आणि तिथं तिच्या आईचीही डबी असेल. कार्ड तिच्यासोबत जाईल. तिथल्या सिस्टरलाही फोन करून ठेव.

बाळाचं वजन किती भरलं ते मला कळव.

तुझी,
बाई