रूळ गेले, वाट राहिली : वाचकांचे प्रश्न, सायकलकट्ट्याची उत्तरं

अमेरिकेतल्या पिट्सबर्गपासून कंबरलँडपर्यंत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर २४० किलोमीटरची एक सलग सायकलवाट आहे, ग्रेट अलेघेनी पॅसेज. मुला-नातवंडांकडे जाताना ती करावी असं ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच वाचकांच्या मनात दिसतं. या वेळचे बहुतेक प्रश्न तिच्याबद्दलचेच आहेत.

आम्ही दोघं साठीच्या आसपास आहोत. रविवारी पाम बीच रोडवर वाशी ते बेलापूर आणि परत, असे वीसेक किलोमीटर करतो. मुलगी पिट्सबर्गला असते, ऑक्टोबरमध्ये जाणार आहोत. ही वाट डोंगरातून जाते म्हणतात. जमेल का? आणि कुठल्या टोकाकडून निघावं?
— वाशी

जमेल. डोंगराची धास्ती घेऊ नका, आणि रेल्वेची वाट म्हणजे सपाट, असं समजून गाफीलही राहू नका.

वाफेच्या इंजिनाला जड मालगाडी ओढता यावी म्हणून रेल्वेवाले चढ फार बेताचा ठेवत. टेकडी आडवी आली की बोगदा, दरी आली की पूल, खोलगट जागी मातीचा भराव. कॉनेल्सव्हिल ते कंबरलँड हा भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने १९१२ साली असाच बांधला आणि १९७५ मध्ये तो बंद पडला. मायर्सडेल आणि फ्रॉस्टबर्ग या गावांच्या मध्ये ७२९ मीटरवर वाटेचा माथा लागतो. कंबरलँडकडून आलात तर या माथ्यापर्यंत ३८ किलोमीटरांत सुमारे ५४५ मीटर चढावं लागतं. म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर दीड मीटर वर. हा चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरले, तर ताशी १२ किलोमीटरच्या वेगाला नुसत्या चढापोटी ५०-५५ वॅट जादा लागतात, तेही तीन तास न थांबता.

पिट्सबर्गकडून निघालात तर हाच माथा सुमारे २०० किलोमीटरांवर पसरलेल्या चढाने गाठता येतो, आणि शेवटचे ३८ किलोमीटर सलग उतार मिळतो. मुलगी पिट्सबर्गला आहे म्हणजे प्रश्नच मिटला, तिकडूनच निघा. मैलाचे खांब मात्र कंबरलँडपासून मोजलेले आहेत. तुम्हाला १५० पासून शून्याकडे जायचं आहे, तेव्हा आकडे उतरताना पाहून गोंधळू नका.

पाच दिवस ठेवा. पहिल्या दिवशी पिट्सबर्ग ते वेस्ट न्यूटन, ५८ किलोमीटर. हा टप्पा लांब आहे, पण त्यातला शहरालगतचा भाग डांबरी आहे. दुसऱ्या दिवशी कॉनेल्सव्हिल, ४०. तिसऱ्या दिवशी ओहायोपाइलवरून कॉन्फ्लुअन्स, ४४. चौथ्या दिवशी रॉकवूडवरून मायर्सडेल, ४८. पाचव्या दिवशी कंबरलँड, ५१, त्यातले पहिले तेरा चढाचे आणि बाकी उताराचे. कॉनेल्सव्हिल ते ओहायोपाइल या २७ किलोमीटरांत नदी आणि जंगलच आहे. टपरी वगैरे काही नाही, मोबाईलची रेंजही भरवशाची नाही. तिथे माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

ऑक्टोबरच्या मध्यात तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातच्या आत मावळतो. पाम बीचवर साडेपाचला निघायची सवय तिकडे चालणार नाही. सकाळी नऊला निघा, चारच्या आत मुक्कामी पोचा. सकाळी पारा दहा अंशांच्या खाली असतो. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वारा अडवणारं पातळ जाकीट हवंच, कारण शेवटच्या उतारावर पॅडल मारावं लागत नाही आणि अंग लगेच गारठतं.

परत येताना कंबरलँडहून पिट्सबर्गला दिवसातून एकच रेल्वेगाडी आहे, ती रात्री उशिरा पोचते. सायकलची जागा तिकिटाबरोबर आधी राखून ठेवावी लागते. आपल्या लोकलच्या लगेज डब्यासारखं आयत्या वेळी चढवता येत नाही.

तयारी म्हणून आठवड्यातून दोनदा येऊरचा चढ चढतो. एवढं पुरेल ना?
— वर्तकनगर, ठाणे

दम वाढेल, पण या वाटेला लागणारी तयारी वेगळी आहे. येऊरला दहा-पंधरा मिनिटं जोर लावायचा आणि मग उतारावर बसून यायचं. रेल्वेच्या वाटेवर उतारच मिळत नाही, शेवटचा सोडला तर. ताशी १४ किलोमीटरने ६० किलोमीटर जायचे म्हणजे सव्वाचार तास. मिनिटाला ७० फेरे धरले तर एका दिवसात अठरा हजार वेळा पॅडल फिरतं, आणि तेही एकाच बैठकीत. चढ-उताराच्या रस्त्यावर माणूस आपोआप उभा राहतो, सरकतो, हात बदलतो. इथे तसं काहीच होत नाही, त्यामुळे पाय थकायच्या आधी बूड आणि तळहात बोलू लागतात.

म्हणून सराव बसण्याचा करा. पाम बीच रोडवर पहाटे गाड्या सुसाट असतात, तेव्हा मागचा लाल दिवा चालू ठेवून डाव्या कडेने जा. सलग ४० मिनिटं पॅडल न थांबवता चालवा, वेग कितीही राहू दे. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पॅडलवर उभं राहा, म्हणजे सीटवरचा दाब सुटून रक्त फिरतं. ही सवय अंगवळणी पडली तर अर्धी लढाई झाली. आठवड्याला लांब फेरी पाच किलोमीटरने वाढवत ५५ पर्यंत न्या. निघण्याआधी किमान एकदा लागोपाठ दोन दिवस ५० किलोमीटर करा, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सीटवर बसताना होते.

हळुवार, लांब चढाच्या सरावाला फ्लायओव्हर कुचकामी आहेत. ते आखूड आणि तीव्र असतात. आपल्याकडे त्याला सगळ्यात जवळचा पर्याय म्हणजे समोरचा वारा. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटला की त्याच्या अंगावर जा, गिअर एक-दोनने हलका ठेवा आणि फेरे तेवढेच राखा. चढावर नेमकं हेच करायचं असतं.

बोटांना मुंग्या येत असतील (करंगळी आणि शेजारच्या बोटाला आधी येतात) तर सीटचं नाक खाली झुकलेलं आहे का ते पाहा. झुकलेल्या सीटवरून माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातावर येतो. सीट पातळीत आणा. उंचीसाठी टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. गादीवाली शॉर्ट घालणार असाल तर तिच्या आत काही घालू नका. शिवणीच घासतात.

स्वतःची सायकल विमानाने न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?
— ऐरोली

पाच दिवसांसाठी भाड्याची. पिट्सबर्गला या वाटेसाठीच्या सायकली कॅरिअर आणि पिशव्यांसकट मिळतात. आपली उंची आणि पायाची आतली लांबी इंचात कळवून आधी ठरवा. स्वतःची सीट मात्र बरोबर न्या. ती मुरलेली असते आणि वजनही फार नसतं.

तरीही न्यायचीच असेल तर सायकलच्या दुकानातून नव्या सायकलचा रिकामा खोका मागून आणा. पॅडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर ते आणखी आवळेल. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या टोकांत प्लास्टिकचा ठोकळा घाला, नाहीतर खोका आपटला की फोर्क दबतो. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा हवा. प्रवासात चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटतात आणि पोचल्यावर चाक बसत नाही. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) हँगरपासून सोडवून फ्रेमच्या आत बांधा. हँगर हा मऊ धातूचा तुकडा जाणूनबुजून कमकुवत केलेला असतो आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर इथूनच घ्या, परगावी तो मिळेलच असं नाही. हवा थोडी सोडा, पूर्ण नको, रिमला टायरचा आधार राहू द्या. बॅटरीचे दिवे आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

वाटेवर चुनखडीची कच घातलेली आहे असं वाचलं. माझी हायब्रिड आहे, ३५ मिमीचे टायर. चालेल? आणि पावसाळ्यात मातीच्या रस्त्यावर गेलो की चेन दुसऱ्या दिवशी करकरते, त्याचं काय करावं?
— कळवा

३५ चालतील, ३८ ते ४० असतील तर हात सुखावतील. चुनखडीची बारीक कच दाबून बसवली की पृष्ठभाग कडक होतो, पण पाऊस पडला की वरचा थर पिठासारखा होऊन चाकाला धरतो आणि वेग ताशी दोन-तीन किलोमीटरने उतरतो. हवा ठासून भरू नका. ७० किलोच्या माणसाला ४० मिमीच्या टायरमध्ये ४० ते ४५ पीएसआय पुरे, ३५ मध्ये ५० ते ५५. मागच्या चाकात सामानामुळे पाचेक जास्त ठेवा. ट्यूबचा वॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर पेट्रोल पंपाची हवा थेट भरता येत नाही, दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर वॉल्व्हलाच लावून ठेवा.

करकरण्याचं कारण गंज कमी आणि कच जास्त. ओल्या चेनला दगडाचं पीठ चिकटतं, तेलात मिसळतं आणि सँडपेपरसारखं घासत राहतं. त्यावर लोक आणखी तेल ओततात, म्हणजे आणखी पीठ. आधी कोरड्या फडक्यात चेन धरून पॅडल मागे फिरवा, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. मग प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकच थेंब. साधारण ११०-११५ दुवे, तेवढेच थेंब. वीस फेरे मागे फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं तेल पुसून काढा. तेल आतल्या पिनेला हवं असतं, बाहेरचं फक्त धूळ गोळा करतं. गाड्या धुवायच्या प्रेशर पंपाने सायकल धुवून घेणं बंद करा. ते पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) सीलमधून आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि दोन महिन्यांनी चाक खरखरू लागतं.

रिम ब्रेक असतील तर रोज संध्याकाळी ब्रेकचे रबर पाहा. त्यात रुतलेला एखादा खडा रिमवर सरळ चर पाडतो.

बोगद्यांची भीती वाटते. टॉर्च किती मोठा लागेल?
— घणसोली

सगळ्यात लांब बिग सॅव्हेज, सुमारे एक किलोमीटरचा. आत दिवे आहेत. तरी ३००-४०० लुमेनचा दिवा हँडलला असू द्या. उन्हातून आत शिरताच पहिले काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा दारातच वेग कमी करा आणि गॉगल काढा. हिवाळ्यात, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, हा बोगदा दारं लावून बंद ठेवतात, कारण झिरपणारं पाणी गोठलं की अस्तर फोडतं. तेव्हा वळसा घालायला सोयीची दुसरी वाट नाही.

जपायचं ते कंबरलँडजवळच्या ब्रश बोगद्यात. तिथे पर्यटकांच्या आगगाडीचा रूळ आणि सायकलवाट शेजारी-शेजारी आहेत. गाडीची चाहूल लागली तर बाहेरच थांबा. वाट रूळ ओलांडते तिथे चाक रुळाला काटकोनात न्या. तिरकं नेलं की ते खाचेत अडकतं. ओलं असेल तर उतरून चाला.

कंबरलँडहून पुढे वॉशिंग्टनपर्यंतही जाता येतं ना?
— खारघर

येतं, आणखी २९७ किलोमीटर. पण ती रेल्वेची वाट नव्हे, जुन्या कालव्याकाठची, बोटी ओढणाऱ्या खेचरांची वाट आहे. मुळं, खड्डे, पावसानंतर दोन दिवस चिखल. ३५ मिमी तिथे अपुरे, मडगार्डमध्ये बोटभर फट हवी. ९५० मीटरच्या पॉ पॉ बोगद्यात सायकल हातात धरून चालायचं. काठावर तंबूसाठी फुकट जागा आहेत, हातपंपासकट. वेळ आठवड्याहून कमी असेल तर कंबरलँडलाच थांबा.

देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये ठाण्याला आली. मग आपल्याकडे जुन्या लोहमार्गावर अशी वाट का नाही? खंडाळ्याच्या घाटातला सोडलेला जुना मार्ग सायकलने करता येईल का?
— नौपाडा, ठाणे

मार्ग मेल्याशिवाय वाट होत नाही, आणि आपल्याकडचे मार्ग मरत नाहीत. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला तरी मुंब्र्याकडून जाणारा जुना मार्ग सोडला नाही, धीम्या लोकल आजही तिथूनच धावतात. देशात इतरत्र नॅरो किंवा मीटर गेज बंद झाली तरी बहुतेक ठिकाणी त्याच भरावावर ब्रॉडगेज येते. अमेरिकेत उलट झालं. ट्रकांनी माल पळवला आणि हजारो किलोमीटर मार्ग ओस पडले. १९८३ च्या कायदा-दुरुस्तीने असा मार्ग उद्या पुन्हा रेल्वेला लागू शकतो या अटीवर सायकलवाट म्हणून राखता येऊ लागला. जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली नाही, म्हणून वाटा सलग राहिल्या.

भोर घाटातला, म्हणजे खंडाळ्याच्याच घाटातला, रिव्हर्सिंग स्टेशनचा (जिथे गाडी दिशा उलटी करून पुढे जाई) मार्ग १९२९ मध्ये सोडला, हे खरं. पण त्याची सायकलवाट कुणी केलेली नाही. शेजारी चालू मार्ग आहे, कठडे नाहीत, पृष्ठभागाची देखभाल नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो नुसता पाहायचा असेल तर लोकल उपयोगाची नाही. पुण्याच्या गाडीत बसा आणि कर्जत सोडल्यावर डोळे उघडे ठेवा.