आडत दुकानाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची मराठी हेल्प कोणत्या फॉरमॅटमध्ये लिहावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: उदगीरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी तुम्ही तिघांनी पायथनमध्ये हिशेबाचं सॉफ्टवेअर केलंय, कोड सगळ्यांना खुला आहे. बहुतेक दुकानांत विंडोज, एक-दोन ठिकाणी लिनक्स. आता मराठी हेल्प लिहायची आहे आणि सीएचएम (विंडोजचा जुना हेल्प फॉरमॅट), पीडीएफ, विकी, मार्कडाउन (साध्या मजकुरात मोजक्या खुणा घालून लिहायची पद्धत) की डॉकबुक (प्रत्येक भागाला उघडती-बंद खूण लावून लिहायचा फॉरमॅट), इथं तुम्ही अडलात.

माझं उत्तर आधीच सांगतो. मूळ मजकूर स्फिंक्समध्ये, म्हणजे साध्या मजकुरातून हेल्पची पानं बनवणाऱ्या साधनात, लिहा आणि कोडच्याच रेपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्यातले बदल जिथं साठवता तिथंच, ठेवा. त्यातून एचटीएमएल पानांचं फोल्डर बनवून ते इन्स्टॉलरसोबतच द्या. रोज लागणारी चार-पाच पानं कागदावर छापून द्या. मी लातूरला असतो, मराठी हेल्प लिहिण्याचं काम बरीच वर्षं करतोय. खाली जे लिहितोय ते दुकानात बसून बघितलेलं आहे.

सुरुवात सीएचएमपासून करतो, कारण विंडोजवाल्यांना तेच आधी सुचतं. एक फाइल, डबल क्लिक केलं की उघडते, डावीकडे अनुक्रमणिका, उजवीकडे मजकूर. मीही एका दुकानासाठी तशी हेल्प केली होती. दुकानात नेऊन उघडली तर उजवीकडचं मराठी अगदी स्वच्छ, पण डावीकडे अनुक्रमणिकेच्या जागी ओळीनं नुसती प्रश्नचिन्हं. दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सर, इथं तर समदे प्रश्नच दिसायलेत." मी दोन रात्री फॉन्ट बदलत बसलो. दोष फॉन्टचा नव्हताच. सीएचएम हा 1997 चा फॉरमॅट. त्यातली पानं युनिकोड दाखवतात, पण अनुक्रमणिका आणि सूची विंडोजच्या जुन्या कोड पेजवर, म्हणजे एकेका लिपीसाठी केलेल्या अक्षरांच्या तक्त्यावर, चालतात, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं कोड पेज कधी नव्हतंच. मराठी आणि हिंदी तिथं आल्या त्या थेट युनिकोडमधूनच. म्हणजे हे दुखणं दुरुस्त होणारं नाही. शिवाय 2005 च्या सुरक्षा अपडेटपासून नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधली सीएचएम उघडली तर पान कोरं येतं. तुमच्या दुकानांत काट्याजवळचा एक आणि गादीजवळचा एक असे दोन संगणक एकाच फोल्डरवर चालत असतील, तर हा त्रास पहिल्याच दिवशी होईल. लिनक्सवाल्यांचं तर विचारूच नका.

विकी लिहायला सोपी, हे खरं. पण सौदा चालू असताना नेट गेलं की मदतही गेली. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. विकीवर असते ती आजची आवृत्ती, आणि दुकानात असते ती मागच्या वर्षीची. हेल्प म्हणते "तोलाईच्या खाली बटण आहे", आणि माणसाच्या पडद्यावर ते बटणच नसतं. एकदा असं झालं की तो हेल्प परत उघडत नाही, सरळ तुम्हाला फोन लावतो. हेल्प कोडच्या शेजारी असली की ज्या बदलात बटण हललं त्याच बदलात वाक्यही बदलता येतं, आणि ज्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर त्याच आवृत्तीची हेल्प दुकानात पोचते.

डॉकबुकला मी वाईट म्हणणार नाही. 1991 पासून चालत आलेला भक्कम फॉरमॅट आहे, केडीईच्या हँडबुकांसाठी आजही तोच वापरतात. पण तुम्ही स्वतःला एक विचारा: ही हेल्प दुसऱ्यांदा कोण दुरुस्त करणार? बहुतेक बीकॉमला असलेला, दुपारून दुकानात पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) करणारा एखादा मुलगा. "हमालीचा दर कट्ट्यामागे (पोत्यामागे) धरला जातो, क्विंटलमागे नाही" ही चूक त्याच्याच लक्षात येणार, तुमच्या-माझ्या नाही. डॉकबुकमध्ये ही एक ओळ घालायला त्याला चार खुणा उघडून चार बंद कराव्या लागतील. साध्या मजकुरात तो सरळ ओळ लिहील आणि तुम्हाला पाठवील. फॉरमॅट निवडताना मी सगळ्यात जास्त वजन याच गोष्टीला देतो.

मग मार्कडाउन की रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, म्हणजे स्फिंक्सची स्वतःची खुणांची पद्धत? 2004 मध्ये जॉन ग्रूबर यांनी मार्कडाउन आणलं ते साधेपणासाठी, आणि त्या मुलाला तेच सोपं जाईल. स्फिंक्स हे 2008 मध्ये गेओर्ग ब्रांडल यांनी पायथनच्याच दस्तऐवजांसाठी केलं, म्हणजे तुमच्या घरचंच हत्यार. सुदैवानं दोन्हीतून एक निवडायची गरज नाही. मिस्ट नावाचा जोड घेतला की स्फिंक्स मार्कडाउनच्या फायली वाचतं. मी तेच करतो. मार्कडाउनमधून पानं बनवणारं एमकेडॉक्स हे साधनही चांगलं आहे, पण त्याची पानं सर्व्हरशिवाय, नुसती डिस्कवरून उघडली तर त्यातला शोध एरवी चालत नाही, वेगळी सोय करावी लागते. स्फिंक्सचा शोध डिस्कवरूनही चालतो.

चालतो म्हणालो, पण मराठीत त्याच्यावर भरवसा ठेवू नका. इथं बहुतेक जण फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. पायथनमध्ये शब्द ओळखायचा जो नेहमीचा नियम आहे, त्यात काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर धरत नाहीत. त्यामुळे 'हमाली' या शब्दाचे 'हम' आणि 'ल' असे तुकडे पडतात, आणि शोधाच्या निकालात भलतीच पानं मिसळतात. त्यात आपलं सामान्यरूप. माणूस शोधतो 'हरभरा', पानावर असतं 'हरभऱ्याची पट्टी'. आणखी बारीक गोष्ट म्हणजे त्यातला 'ऱ्य'. कोणी तो खालच्या टिंबाच्या र ला हलन्त देऊन टाइप करतो, कोणी साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. तुम्ही तिघं लिहिणार असाल तर टायपिंगची एक पद्धत आजच ठरवा. आणि शोधावर विसंबण्यापेक्षा हातानं शब्दसूची करा. स्फिंक्समध्ये त्यासाठी सूचीची खूण आहे. 'हमाली', 'तोलाई', 'सेस', 'उचल', 'पट्टी रद्द' असे मोंढ्यात बोलतात ते शब्द तिथं घाला. दिवाणजीला पाठमागे सूची असलेली वही सवयीची आहे, तो तिथं बरोबर जातो.

एफवन ही मदतीची कळ दाबल्यावर त्या-त्या स्क्रीनचंच पान उघडावं असं तुम्हाला वाटत असेल, आणि वाटलंच पाहिजे, तर प्रत्येक मथळ्याला रोमन लिपीत एक ठरीव नाव द्या. मराठी मथळ्यांवरून ही साधनं आपोआप पत्ता बनवायला जातात तेव्हा देवनागरी अक्षरं गाळून टाकतात, आणि उरतो नुसता क्रमांक. मध्ये एक नवा मथळा घातला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. मग हमालीच्या स्क्रीनवरून एफवन दाबलं तर सेसचं पान उघडतं. नाव ठरीव असलं की मथळा कितीही बदला, दुवा तुटत नाही.

स्फिंक्सच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका. पानाला भाषेची खूण लागली, आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात, आणि म्हातारी माणसं वाचताना त्यांना अडखळतात. नोटो या खुल्या फॉन्टमालेतला देवनागरी फॉन्ट फोल्डरमध्येच टाका. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या डीटीपी फॉन्टात कोणाकडून टाइप करून घेऊ नका. छापून सुंदर येतो, पण पुढं त्याचा काही उपयोग करता येत नाही.

पीडीएफ फक्त छपाईसाठी. तीच मुख्य हेल्प करू नका, कारण पुष्कळ पीडीएफमध्ये पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं आत उलटसुलट साठवलेली असतात. 'किंमत' समोर दिसत असतं, शोधलं तर सापडत नाही. स्फिंक्समधून लाटेक्स या पानं जुळवणाऱ्या प्रणालीमार्गे पीडीएफ काढायची तर इंजिन झीलाटेक्स ठेवा, नेहमीचं पीडीएफलाटेक्स देवनागरीला चालत नाही. एवढी खटपट नको असेल तर एचटीएमएल पान ब्राउझरमधूनच छापा. चार-पाच पानांना ते पुरे आहे. मी ज्या दुकानांत गेलो तिथं सगळ्यात जास्त वापरलेली हेल्प म्हणजे मॉनिटरच्या शेजारी भिंतीला चिकटवलेला कागद. 'पट्टी चुकली तर काय करायचं' एवढाच त्याचा मथळा, कडा मळलेल्या, आणि एका ओळीखाली कोणीतरी पेनानं रेघ मारलेली.

उदगीरपासून बीदर जवळ आहे. उद्या तिकडचा कोणी कन्नडमध्ये हेल्प मागेल. स्फिंक्स मजकुरातली वाक्यं काढून देतं, आणि त्यांवरून पीओ फायली, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर शेजारी ठेवणाऱ्या फायली, बनवता येतात. सॉफ्टवेअरच्या पडद्यावरचे शब्दही तुम्ही गेटटेक्स्टनं, म्हणजे अशाच पीओ फायली वापरणाऱ्या भाषांतराच्या साधनानं, हाताळत असाल तर भाषांतर करणाऱ्याला एकच साधन शिकावं लागेल. मराठी वाक्य बदललं की कन्नडमधलं कुठलं वाक्य जुनं झालं तेही त्या फाइलीत दिसतं. हेल्पच्या मजकुराला परवाना वेगळा लिहून ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढं द्या' हा परवाना मी वापरतो.

आता लगेच सगळी हेल्प लिहायला घेऊ नका. 'पट्टी कशी करायची' हे एकच पान लिहा, त्यात एक 'हरभऱ्याची', एक 'किंमत' आणि एक आकड्यांचा तक्ता येऊ द्या. ते एचटीएमएल करून, छापून, एका दुकानात विंडोजवर आणि दुसऱ्यात लिनक्सवर नेट बंद करून उघडून बघा. दिवाणजीला वाचायला द्या आणि तो कुठं थांबतो ते लिहून घ्या. पुढची चार पानं कोणती लिहायची हे त्याच कागदावरून कळेल. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची आवक वाढते, त्याच्या आधीच ही पानं दुकानात पोचवा. आवक सुरू झाली की दिवाणजीला रात्री दहापर्यंत मान वर करायला फुरसत मिळत नाही.