अमेरिकेत नदी खासगी जमिनीतून जात असेल तर तिथे फ्लाय फिशिंग (गळाला खोटी माशी लावून मासे धरणं) करता येतं का?

राज्य कुठलं, त्यावर आहे सगळं. मोंटानात बहुतेक नद्यांवर येतं. तिथे १९८४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे निकाल आले आणि १९८५ मध्ये स्ट्रीम अ‍ॅक्सेसचा कायदा झाला, म्हणजे तुम्ही पुलापाशी किंवा सरकारी जागेतून पाण्यात उतरलात की दोन्ही बाजूंना कुणाचंही रँच असो, खुशाल चालत चालत मासे धरा, फक्त भरल्या पाण्याच्या खुणेच्या आत राहायचं. ती खूण कागदावर नसते, काठावर धुतलेली माती संपून गवत-झुडपं सुरू होतात ना, साधारण ती रेघ.

कोलोराडोत उलटं. पाणी जनतेचं पण बऱ्याच नद्यांचा तळ जमीनमालकाचा, त्यामुळे राफ्टमधून वाहत जाणं एकवेळ चालवून घेतात पण वेडर (पाण्यात चालायची, आत पाणी न येणारी विजार) घालून तळाच्या गोट्यांवर पाय टेकला की अतिक्रमण! न्यू मेक्सिकोत २०२२ मध्ये कोर्टाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, तळ खासगी असला तरी पाण्यातून चालू द्यायचं.

मालक लोक स्वतःच्या खर्चाने काठ सांभाळतात, हे मान्य आहे मला, पण वाहत्या नदीला कुंपण घालून ती पैसेवाल्यांपुरती ठेवणं मला अजिबात पटत नाही, मोंटानाचा कायदाच बरोबर आहे. फक्त तिथेही नदीपर्यंत जायला कुणाच्या शेतातून वाट काढायची असेल तर आधी परवानगी घ्या, तो हक्क कायदा देत नाही.